नंबरकाकांची गाडी

"हातात काय लागतंय ते नीट सांगा," काका म्हणाले.

मी गाडीखाली पाठीवर पडलो होतो. गिअरबॉक्समधलं काळं तेल ट्रेमध्ये उतरलं होतं आणि त्यात बोटं फिरवताना काहीतरी टोचलं. नखाएवढा पितळी तुकडा. मी हात लांब करून तो बाहेर दिला. काकांनी तो रुमालाला पुसला, उजव्या डोळ्याजवळ नेला आणि एका दमात सांगून टाकलं.

"तिसऱ्या गिअरच्या सिंक्रो रिंगचा दात आहे हा. चार-सात-दोन-शून्य-तीन-एक. पिवळा खोका, मधलं कपाट, खालून दुसरा कप्पा."

मग ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि त्यांचा चेहरा उलटा होऊन गाडीखाली डोकावला.

"पण मिस्त्री, ही रिंग करते काय हो?"

मी हसत उठायला गेलो आणि कपाळ चेसिसवर आपटून घेतलं. हसणं मात्र तिथेच थांबलं, कारण माणूस खरंच विचारत होता.

शहरातल्या सगळ्या गॅरेजवाल्यांना ते नंबरकाका म्हणूनच ठाऊक. एकतीस वर्षं त्यांनी स्पेअर पार्टच्या दुकानात जाळीच्या खिडकीमागे उभं राहून काढली. आपण तुटका, जळका, तेलाने माखलेला तुकडा खिडकीत ठेवायचा. काका तो उलटासुलटा करायचे आणि नंबर म्हणायचे. पुस्तक उघडायचं नाही, आणि पुढे कॉम्प्युटर आला तरी त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही. एकदा मालकाने पडद्यावर वेगळा नंबर दाखवला, तर काका म्हणाले, "कंपनीने तो गेल्या वर्षी बदललाय." फोन करून विचारलं तर काकाच बरोबर. बावीस वर्षं मी त्या खिडकीत जात होतो, चुकीचा पार्ट घेऊन एकदाही परत आलो नाही. मी तसा कुणाला चटकन मान देणारा माणूस नाही, माझी जीभ तिखट आहे हे गिऱ्हाइकं सांगतीलच. पण त्या खिडकीसमोर मी शाळेतल्या पोरासारखा गप्प उभा राहायचो.

हे एवढे पार्ट काकांनी कधी गाडीत बसलेले पाहिलेच नव्हते, हे मला माहीत नव्हतं. लहानपणी तापात त्यांचा डावा डोळा गेला, त्यामुळे लायसन्स नाही. घरी गाडी नाही. दुकानात माल खोक्यात यायचा आणि खोक्यातच खिडकीबाहेर जायचा. पत्रं वाटणाऱ्याला पत्ते पाठ असतात, आतला मजकूर नसतो, तसं.

निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी ही गाडी घ्यायचं ठरवलं. चौदा वर्षांची, सात माणसांची, उंच, दणकट, चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारी. दोन मालकांकडून फिरून आलेली. मला दाखवायला आणली तेव्हा बॉनेट उघडून मी पाच मिनिटांत पाढा वाचला. रेडिएटर पाझरतोय. ग्लो प्लग गेलेत, थंडीत सुरू होताना रडणार. पुढचे बॉल जॉइंट खुळखुळे झालेत, इंजेक्टरच्या बुडाशी काजळी धरलीय, क्लच संपत आलाय, आणि तिसरा गिअर टाकताना करकरतो.

"काका, सव्वातीन लाखाला मिळेल आणि दोन वर्षांत तेवढेच पुन्हा खाईल. हा पांढरा हत्ती दारात बांधू नका."

काका शांतपणे म्हणाले, "हिचे सगळे पार्ट मला पाठ आहेत."

गाडी घ्यायला यापेक्षा विचित्र कारण मी आजवर ऐकलेलं नाही. आणि चालवणार कोण? तर काकू. काकू शिवणकाम करतात. शाळेचे गणवेश, परकर, पडदे, काय म्हणाल ते. छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी ड्रायव्हिंग शिकून घेतलं. मी तोंड वासून बघत राहिलो तर मलाच म्हणाल्या, "त्यात काय एवढं? मशीनही पायानेच चालवते आणि हीही पायानेच चालवायची. ही जरा मोठी, इतकंच."

मग सुरू झालं. मी सांगितलेलं एकेक दुखणं वेळेवर हजर होत गेलं, आणि न सांगितलेलीही पाहुण्यांसारखी आली. गिअरबॉक्स, रेडिएटर, बॉल जॉइंट, इंजेक्टरचे वॉशर, टर्बोचा फाटलेला पाइप, मागच्या सस्पेन्शनचे रबरी बुश. दर वेळी काका पार्ट स्वतः घेऊन यायचे, अर्थात न चुकता अचूक, आणि मग स्टुलावर बसून बघायचे. दुसरं गिऱ्हाईक असं डोक्यावर बसलेलं मला चालत नाही. यांना हाकलणं जमलं नाही.

वॉटर पंप बदलला तो दिवस मला तारखेसकट आठवतो. नवा पंप बसवून, बेल्ट चढवून मी इंजिन सुरू केलं आणि पुलीकडे बोट दाखवलं.

"बघा काका, आतलं पाणी हा खेळवतो. इंजिन चालू आहे तोवर याने फिरायचं. हा थांबला की इंजिन उकळून मेलं म्हणून समजा."

"मध्ये विश्रांती नाही?"

"गाडी बंद होईल तेव्हाच."

काका हातातलं रिकामं खोकं धरून उभे राहिले. मग म्हणाले, "हे मी वर्षाला पाच-सहाशे दिले असतील." आणि चालत गॅरेजच्या फाटकापाशी गेले. समोर हमरस्ता, चारची गर्दी. ते एकेक गाडी बघत होते आणि स्वतःशीच म्हणत होते, "त्या दुधाच्या टेम्पोत आहे, गेल्या वर्षी दिला. निळ्या बसमध्ये आहे. त्या अँब्युलन्समध्ये पंपही आहे आणि मागचे ब्रेक लायनरही..."

मी चहाला हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही. शेवटी मी ग्लास घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.

"सगळे फिरतायत हो, मिस्त्री," ते म्हणाले. "मला वाटायचं, खिडकीतून गेले की संपले."

खरं सांगतो, त्या रस्त्याच्या काठावर माझी अर्धी जिंदगी गेली आणि मला तो नुसता धूर आणि हॉर्न म्हणूनच माहीत होता. त्या दिवशी मीही बघत राहिलो. अँब्युलन्सची क्लच प्लेट मी बसवलेली होती, हे मला तेव्हाच आठवलं.

पुढच्या महिन्यात टायमिंग चेनची खरखर सुरू झाली, म्हणून इंजिनाचं वरचं झाकण काढलं. काकू गणवेशांचं माप घ्यायला जाताजाता थांबल्या होत्या. मी पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवू लागलो. काकांनी सवयीप्रमाणे सुरुवात केली, कॅमशाफ्ट, रॉकर, इनलेट व्हॉल्व्ह, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, प्रत्येकाचा नंबर. दुसऱ्या फेरीला त्यांचा आवाज बारीक झाला आणि तिसऱ्या फेरीला ते बोलायचेच थांबले. तेलाने चमकणारं ते सगळं एकामागून एक खाली जात होतं, वर येत होतं. एक व्हॉल्व्ह मिटला की दुसरा उघडायचा.

"अजून एकदा फिरवा."

मी फिरवलं. दहा वेळा फिरवलं असेल. खांदा भरून आला, पण मला थांबावंसं वाटेना.

"एकमेकांची वाट बघतात हो हे," काका म्हणाले. "मी यांना वेगवेगळ्या कपाटांत ठेवत होतो."

त्यांचा चांगला डोळा भरून आला होता आणि त्यांनी तो लपवला नाही. काकूंनी पर्स काखेला मारली. "आमच्या लग्नातसुद्धा एवढे डोळे भरले नव्हते," म्हणाल्या, पण जरा वाकून त्याही बघत राहिल्या. मी अशी शेकडो झाकणं उघडून बंद केली होती. दर वेळी एकच विचार, संध्याकाळच्या आत गाडी द्यायची. त्या दिवशी मला माझ्या कामाचं पहिल्यांदा नवल वाटलं, आणि थोडी लाजही.

नवल आपल्या जागी. घरचं गणितही आपल्या जागी होतं. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तरी काकू काही बोलल्या नव्हत्या. बोलल्या त्या नवा आवाज सुरू झाल्यावर. चढावर, वळण घेताना, गाडीच्या पोटाखालून जात्यावर काही भरडावं तशी घरघर यायची, गाडी अडखळायची, आणि थोड्या वेळाने जळकट वास.

मी गाडीखाली शिरलो. या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. आवाज तिथूनच होता. आधी मी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, बदलले. ते झिजले होतेच. मग पेटीची रबरं बदलली. मग पेटी खोलून बेअरिंग आणि चेन. आवाज जशास तसा. या सगळ्याच्या आधी मी विचारलं होतं, तेही आठवतंय, "काका, टायर चारही सारखेच आहेत ना?" काका म्हणाले, "एकाच नंबरचे आहेत. मी स्वतः वाचलेत." काकांनी नंबर सांगितल्यावर पुन्हा तपासायची माझी बिशाद नव्हती. मी पुढचा बोल्ट सोडवायला घेतला.

शेवटी हात टेकले. "पूर्ण पेटीच बदलावी लागेल. जुनी चांगली मिळाली तरी दीड लाख."

काकू काकांकडे न बघता मला म्हणाल्या, "आता बास. शनिवारी दलालाला बोलवा. आहे तशी विकू. यांची हौस झाली, माझंही चालवणं झालं. शिवून शिवून माझी बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत, आणि यांचा पैसा म्हातारपणाला लागणार आहे." यात रागाचा शब्द नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

काकांनी मान हलवली. काकू नळावर हात धुवायला गेल्यावर मला हळूच म्हणाले, "बरोबर बोलतेय ती. फक्त अजून निम्मे पार्ट बघायचे राहिले होते."

शनिवारी दुपारी तीनलाच दोघं आली. दलाल चारला येणार होता. जुन्या गाड्यांचा धंदा त्याचा, शहराबाहेर मोठं आवार, धड असेल ती गाडी विकतो आणि मोडकीचे तुकडे. ही तुकड्यांतच जाणार, हे मला दिसत होतं. काकांनी गाडीची कागदपत्रं फाइलमध्ये लावून आणली होती आणि बदललेल्या प्रत्येक पार्टचा नंबर एका कागदावर सुबक अक्षरात लिहिला होता. घेणाऱ्याला उपयोग होईल, म्हणाले. मी उगाच फडक्याने बॉनेट पुसत बसलो.

काकू गाडीच्या बाजूला जरा लांब उभ्या होत्या. कपडा पसरून लांबून बघतात तशा बघत होत्या.

"मिस्त्री, मागचे टायर कधी घातले आपण?"

"माझ्याकडे नाही घातले. तुम्ही बाहेर घातले ना?"

"हो. पंक्चर काढायला गेले होते, तो म्हणाला दोन्ही गेलेत. तेव्हा शाळेचे गणवेश कापायला घेतले होते मी." त्या थांबल्या. "आणि आवाज आला तो गणवेश पोचवायला टेकडीवरच्या शाळेत गेले तेव्हा. त्याआधी कधीच नाही."

मी फडकं खाली ठेवलं.

काका लगेच पुढे झाले. "अगं, तो तसाच नंबर आहे. पुढे जो आहे तोच मागे. कंपनीसुद्धा तीच."

"अहो, एका नंबरचे दोन शर्ट कधी सारखे असतात का?" काकू म्हणाल्या. "एक नवाकोरा आणि एक दोनशे वेळा धुतलेला?"

त्यांनी पर्समधून मापाची पिवळी टेप काढली. ती टेप दीड मीटरची, म्हणून खडूने खूण करून दोनदा लावावी लागली. मी जॅक लावून चाकं उचलली. टेप एका बाजूने मी धरली, दुसऱ्या बाजूने त्यांनी. मागचं चाक, पूर्ण घेर, दोनशे एकतीस सेंटिमीटर. पुढचं झिजलेलं चाक, दोनशे सत्तावीस. आम्ही पुन्हा मोजलं. दुसऱ्या बाजूलाही तेच.

चार सेंटिमीटर. म्हणजे पुढची चाकं आणि मागची चाकं प्रत्येक फेरीला वेगवेगळं अंतर कापत होती, आणि मधली ती बिचारी पेटी दोघांची भांडणं पोटात घेत घरघरत होती. बावीस वर्षं हेच काम केलेल्या मेकॅनिकने हे पहिल्या दिवशी बघायला हवं होतं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

काका टायरकडे बघत होते. बाजूला कोरलेला नंबर, चारही ठिकाणी तोच. त्यावर त्यांनी बोट फिरवलं. "टायर आमच्या दुकानात नव्हते," ते इतकंच म्हणाले.

माझ्याकडे याच मॉडेलची एक गाडी इंजिनासाठी महिनाभर पडून होती. तिची दोन चाकं मी टेपने मोजली, दोनशे सत्तावीसला बरोबर भरली. ती काढून काकांच्या गाडीला मागे घातली. काकू चालवायला बसल्या, काका त्यांच्याशेजारी, मी मागे. गॅरेजपासून दोन किलोमीटरवर टेकडीचा चढ आहे, सात वळणांचा.

पहिल्या वळणावर कुणी श्वास घेतला नाही. गाडी वळली. दुसऱ्याला काकूंनी मुद्दाम स्टिअरिंग जास्त वळवलं. आवाज नाही, अडखळणं नाही, वास नाही. इंजिनाची एकसुरी घुमघुम आणि खिडकीतून वारा. चौथ्या वळणापर्यंत मला अंगावर काटा आला होता. हजारो तुकडे त्या उंच पत्र्याच्या खोक्यात एकमेकांना धरून आम्हा तिघांना चढावर नेत होते, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक या माझ्यापुढे बसलेल्या माणसाने नावानिशी ओळखला होता.

वर पोचल्यावर काकूंनी गाडी कडेला घेतली. काका उतरले नाहीत.

"मिस्त्री, म्हणजे मी आणलेले पार्ट बरोबर होते?"

"सगळे, काका. एकही चुकला नव्हता."

"बेअरिंग, चेन, सगळं?"

"सगळं बरोबर होतं. चुकलो मी. मी टायर हाताने बघायला हवे होते."

"तुम्ही मला विचारलंत," काका म्हणाले. "मी नंबर सांगितला." बराच वेळ ते समोरच्या काचेतून खाली पसरलेल्या शहराकडे, त्यातल्या मुंग्यांएवढ्या गाड्यांकडे बघत राहिले. "नंबर खरा होता आणि तरी चाक वेगळं होतं. एकतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही."

मी माफी मागायला तोंड उघडलं. पण त्यांच्या आवाजात दुःख होतं तसं दुसरंही काही होतं. झाकण काढल्याच्या दिवशी होतं ते. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर एकदा हात ठेवला, मग गिअर टाकला.

परतलो तेव्हा दलाल गॅरेजच्या बाकावर बसून घड्याळ बघत होता. गाडी आवाज न करता आत आलेली पाहून त्याचे डोळे चमकले. तो उठला, बॉनेटवर टिचकी मारली, गाडीभोवती एक फेरी घातली आणि त्याच्या मनात असेल त्याहून थोडा चांगला आकडा बोलला.

काकू दार लावून खाली उतरल्या. काका फाइल हातात घेऊन उभे होते. देऊन टाकायच्या तयारीत होते, मला दिसत होतं.

"गाडी विकायची नाही," काकू म्हणाल्या. "यांचं अजून बघून झालेलं नाही. आम्हाला दोन जुने टायर हवेत. पुढचे झिजलेत तेवढेच झिजलेले. आहेत तुमच्या आवारात?"

दलालाचं तोंड पडलं. पण धंदा तो धंदा. "टायर आहेत की, ढीग लागलाय. नंबर काय?"

आम्ही दोघंही आपसूक काकांकडे वळलो. बावीस वर्षांत या प्रश्नाला त्यांनी क्षणभरही वेळ घेतलेला मला आठवत नाही. त्यांचे ओठ हललेही. मग ते मिटले. त्यांनी फाइल बाकावर ठेवली, चष्मा नाकावर नीट केला आणि काकूंपुढे हात केला.

"थांबा, मोजून सांगतो."

काकूंनी टेप त्यांच्या हातात दिली. काका एका हाताने पत्र्याचा आधार घेत पुढच्या चाकापाशी मातीत गुडघे टेकून बसले. टेपचं दुसरं टोक धरायला मी पलीकडे जाऊन बसलो.